वाकडी बादली

आमच्या प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात साच्यातून एखादी बादली वाकडी निघाली तर ती फेकत नाहीत. ती माझ्याकडे येते. मी लाल लालमध्ये, निळी निळ्यात अशा वेगळ्या करते. मग मशीन त्यांचा चुरा करते आणि तो पुन्हा साच्यात जातो. रंग मिसळले तर मात्र काळीच बादली होते.

आधी मी पॅकिंगला होते. गुडघे गेले, उभं राहवेना. आता काम सुटणार म्हणून मी खचले होते. तेव्हा सुपरवायझरताई म्हणाल्या, "मावशी, भंगारात बसून काम आहे. कराल?"

पॅकिंगच्या बायका हसल्या, "गेली मावशी भंगारात!" मीही हसले.

आज उन्हात लाल चुऱ्याचा ढीग कुंकवासारखा दिसत होता. त्यात कालची वाकडी बादली कुठली, ते मलाही कळेना. वाटलं, देवाकडेही असं कोणी बसलेलं असेल, एकेकाला हातात घेऊन बघणारं.

सुटी झाल्यावर नव्या बादल्यांच्या थप्पीवरून हळूच हात फिरवला. ताई दारात होत्या. त्यांना काही सांगावं असं रोज मनात येतं. तोंडातून मात्र "येते हं ताई" एवढंच निघतं.

"या मावशी," त्या म्हणाल्या, "उद्या निळा ढीग आहे."