डब्यावरचं नाव

हुसेनभाई जिन्याखालूनच "ए हुसेना!" अशी हाक मारत वर आले, तेव्हा माझा थोरला भाऊ जाऊन तीन आठवडे होऊन गेले होते… हातात स्टीलचा डबा, त्यात मोहरमचे चोंगे. गुळाच्या या गोड पोळ्या आमच्या गावी, वैरागला, दादासाठी दरवर्षी हुसेनभाईंच्या घरून यायच्या.

दादाचं नाव हुसेन. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आईनं गावाजवळच्या हुसेनबाबा पिराला नवस केला होता. पीर ज्या माळावर आहे, तोही हुसेनमाळच. त्याच वर्षी शेजारी मुलाण्यांच्या घरी मुलगा झाला, तोही हुसेन; हेच हुसेनभाई. दोघं त्या माळावर मिळून मेंढरं राखायचे आणि दिवसभर एकमेकांना आपल्याच नावानं हाका मारायचे. आई वैतागायची, "येगळ्या हाका तरी मारा की रं!" मोहरमात दोघंही हिरवा गंडा बांधून फकीर व्हायचे. दादाची घरातली देवपूजाही कधी चुकली नाही. त्याला यात काही विशेष वाटायचं नाही. वाटायला लागलं ते मला, सोलापुरात नोकरी लागल्यावर.

शेवटचे काही महिने दादा उपचारासाठी माझ्याकडे होता. गेला, तेव्हा माझ्या लेकीचं लग्न ठरत होतं. पाहुणे नाही नाही ते विचारतील, या धास्तीनं मी पेपरातल्या निधनवार्तेत 'हरिश्चंद्र' असं नाव दिलं. फोटो टाळला. गावाच्या ग्रुपवरही तेच कात्रण टाकलं, नातं न लिहिता. वैरागहून कुणी फिरकलं नाही, तर वर मीच गावाला नावं ठेवली.

"दादा गेला… पेपरात दिलं होतं की," मी हुसेनभाईंना कसंबसं म्हणालो.

"पेपर तर रोज वाचतो. तुमच्या आडनावाचा कुणी हरिश्चंद्र गेल्याला दिसला. म्हनलं, असंल कुणीतरी, आन् पान उलटलं. त्यो कोन?"

"दादाच," मी म्हणालो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं…

"मातीला तरी बलवायचं रं," ते म्हणाले. "माजंबी नाव व्हतं ते."

डबा ठेवून ते निघून गेले. लाज वाटते, दुसरं काय सांगू?

दादा तो डबा कधी रिकामा पाठवायचा नाही, शेंगदाण्याची चटणी भरून द्यायचा. झाकणावर 'हुसेन' कोरलंय. रविवारी पाहुणे येणार आहेत. बायकोनं विचारलं, "आत ठेवू का?" मी नको म्हणालो. नंतर चटणी भरून मीच वैरागला जाणार आहे. हुसेनभाईंच्या दारात पोचल्यावर ते नाव मला मोठ्यानं घ्यावं लागेल.