राजा गेटवर

मंडळी, आज सकाळी देवबागच्या एका रिसॉर्टमालकाकडे आमच्या दशावतारी कंपनीसाठी मदत मागायला गेलो. सोबत चाळीस वर्षं राजाची भूमिका करणारे भिकाजीकाका, तेही पूर्ण वेषात. मालकांना आधी ‘नमुना’ बघायचा होता.

काकांनी दरबाराचा प्रवेश सुरू केला. दोन वाक्यांतच मालकांनी थांबवलं.

“नाटक नको. ह्याच वेषात गेटवर उभे राहा, पाहुण्यांच्या बॅगा घ्या. फोटो छान येतील.”

मला वाटलं, काका भडकणार. ते हळूच म्हणाले, “कंपनी जगतली मां? मग रवतंय उभो.”

तेवढ्यात गाडी आली. काकांनी तलवार माझ्या हातात दिली आणि बॅग उचलली.

“कलेला आपण सपोर्ट करायलाच हवा,” मालक म्हणाले.

मी चक्क त्यांचे आभार मानले. तुम्ही काय केलं असतं?