रेशमी दोऱ्याची गाठ

माझा धाकटा भाऊ विद्यापीठाच्या हृदयसंशोधनाच्या प्रयोगशाळेत गाठी मारतो. मारायचा, असं म्हणायला हवं. पण जीभ अजून वळत नाही.

तुमचे बंधू काय करतात, असं कुणी विचारलं की मी थाटात सांगायची, "मेलेल्याला उठवतात." आयुष्य रंगमंचावर गेलेलं, साधं उत्तर देण्याची सवय कुठली असायला. पण ते फार खोटंही नव्हतं. बेशुद्ध केलेल्या उंदराचं हृदय काढून बर्फगार द्रावणात टाकतात. तिथे ते थांबतं. मग त्याची काडीएवढी मुख्य रक्तवाहिनी चिमट्याने काचेच्या नळीच्या टोकावर चढवायची आणि रेशमी दोऱ्याने बांधायची. नळीतून कोमट द्रावण सोडलं की ते बोराएवढं हृदय, खाली देह नसताना, पुन्हा धडधडू लागतं. बांधायला उशीर झाला तर ते दुबळं पडतं. हवेचा बुडबुडा आत गेला तर खेळ खलास.

पहिला ठोका पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा धाकट्याचा नियम. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणतात आणि ज्यांच्या बोलण्याला एरवी तोटी नाही, तेसुद्धा गप्प उभे राहायचे. हा नियम त्याने माझ्याच विंगेतून उचललेला. लहानपणी तिसरी घंटा झाली की तो तिथे श्वास रोखून उभा असायचा, पडदा आपल्याच जोरावर वर जातोय असं समजून.

मग त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला.

प्रयोगशाळेत आधी दोष गेला औषधाकडे. तिथे पीएचडी करणारी एक मुलगी थकलेल्या हृदयासाठी औषध शोधत होती. औषध दिलेली हृदयं मंद चालू लागली, तशी ती रडकुंडीला आली. मग न दिलेलीही मंद चालू लागली. आता पाळी आली जनावरांची खोली सांभाळणाऱ्या गृहस्थांची. त्यांना सगळे उंदीरमामा म्हणतात.

"माझे उंदीर बिघडले म्हणे," चहाच्या वेळी मामा फणफणले. "काय बिघडलेत? सासुरवास होतोय का त्यांना?"

सगळे हसले. धाकटा हसला नाही.

"मामा, उंदीर बरे आहेत," तो म्हणाला. "पोरी, तुझं औषधही बरं असेल. माझा हात बिघडलाय."

सर म्हणाले, "सुट्टी घ्या हो. आराम पडेल."

"सुट्टीने जाणारं नाही ते. डॉक्टरांनी नाव सांगितलंय."

शेवटी ठरलं असं: औषध वगैरे काही नाही, एक साधं हृदय बांधायचं. नीट चाललं तर जागा त्याची. नाही तर दुसऱ्याच्या हाती सोपवायची.

आदल्या संध्याकाळी धाकटा माझ्याकडे आला. "ताई, उद्या येशील? सरांना विचारलंय मी. तू समोर असलीस की हात धीर धरेल."

मी गेले. कुणाचा तरी ढगळ पांढरा कोट चढवून कोपऱ्यात उभी राहिले. धाकट्याने दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला दाबून धरली. पहिली गाठ निसटली. त्याने श्वास सोडला, पुन्हा दोरा ओढला. दुसरी बसली. द्रावण सुरू झालं. हृदय नुसतं लोंबत होतं, भिजलेल्या चिंधीसारखं. मग थरथरलं, आणि ठोका पडला. त्यामागोमाग दुसरा.

माझे हात टाळीसाठी उठले होते. उंदीरमामांनी बाहीने डोळे पुसले. ती मुलगी यंत्राच्या पडद्यावरची ठोक्यांची रेघ पाहत होती, आणि धाकटा तिचं तोंड पाहत होता.

"एक बाजू हलत नाहीये," तोच म्हणाला. "बुडबुडा आत गेला."

"काका, थांबू या ना थोडं. सुधारेल."

"मी तुला काय शिकवलंय?"

ती खाली बघत म्हणाली, "वाट बघून सुधारत नाही."

"मग?"

तिने द्रावणाच्या तोटीकडे हात नेला आणि मागे घेतला. धाकट्याने स्वतःच तोटी बंद केली. हृदयाला ते लगेच कळलं नाही. ते आणखी काही वेळ चालत राहिलं, ठोक्यांमधलं अंतर वाढवत, आणि मग उरलं नाही. मी रंगमंचावर कितीदा तरी मेले आहे. इतकं सावकाश मला कधी जमलं नव्हतं.

त्याने दोऱ्याचं रीळ मुलीच्या हातात दिलं. तिने त्याच दिवशी एक बांधलं. ते सुरूच झालं नाही.

आता तो तिच्या शेजारी स्टुलावर बसतो आणि तोंडाने सांगतो: जरा वर, हलकं धर, आता ओढ. पण ही कला सांगून येत नाही, हे त्याला ठाऊक आहे. हात धरून दाखवावी, तर त्याचा हात तिचाही हलवतो. सर दुसऱ्या विद्यापीठातून माणूस मागवणार होते. तो आला, पाहून गेला, पुन्हा आला नाही. मुलीचं औषध खरंच चालतं का, हे कुणालाच कळलेलं नाही, आणि आता कळेलसं वाटत नाही.

पहिला ठोका पडेपर्यंत बोलायचं नाही, हा नियम मात्र अजून पाळतात. हल्ली तिथे बराच वेळ कुणी बोलत नाही.