चीनमधली रेल्वेची सवलत

महाडच्या कॉलेजात मी इतिहास शिकवला, म्हणजे नोट्स लिहून दिल्या. शिकवणं वेगळं असतं हे मला फार उशिरा कळलं, आणि त्यासाठी एका पोरीचं नुकसान व्हावं लागलं.

चीनच्या धड्यात एक वाक्य होतं, ‘परकीय सत्तांनी बादशहाकडून रेल्वेच्या सवलती मिळवल्या.’ वर्षानुवर्षं तेच लिहून देत होतो. पहिल्या वर्षाला एक मुलगी होती, कुडपणची. पोलादपूरला मावशीकडे राहायची आणि सवलतीच्या पासावर एसटीने यायची. तिनं चाचणीत लिहिलं, ‘रशिया, जर्मनी, फ्रान्स यांना चीनमध्ये अर्धं तिकीट पडे. म्हणून ते आपसात भांडत. चिनी लोक पूर्ण तिकीट काढत.’

मला काय दुर्बुद्धी सुचली! ते उत्तर मी भर वर्गात वाचून दाखवलं. वर म्हणालो, “बादशहाने पासही दिला असेल, फोटो चिकटवून!” वर्ग खो खो हसला. मागून एक जण ओरडला, “सर, वीर स्टेशनला नेऊन गाडी दाखवू काय हिला?” त्यालाही मी हसलो. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपत आली, तसं मन खायला लागलं. गेलो कुडपणला. ती गोठ्यातून आली, हात धुतले आणि चक्क माझ्या पाया पडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई म्हणाली, “सर, काय बोलतच नाय ती. मला शिकायला जमत नाय, एवढंच म्हणते.”

मग ओट्यावर बसून मी पहिल्यांदाच नीट सांगितलं. सवलत म्हणजे तिकीट नव्हे गं, दुसऱ्याच्या मुलखात रूळ टाकायचा हक्क. कर्ज त्यांचं, इंजिनं त्यांची, रुळालगतच्या खाणीही त्यांच्या. एकाला मिळालं की दुसऱ्याचा राजदूत दरबारात दम द्यायला हजर, त्याला दिलंत, मग आम्हाला काय? इंग्रज आणि रशियनांनी तर आपसात कागद करून मुलूख वाटून घेतला. चीनला विचारलंसुद्धा नाही.

“म्हंजे जागा चिन्यांची, नि भांडण भलत्यांचं,” ती म्हणाली.

“अगदी बरोबर!” मी हरखलो. “चल परत. फॉर्मचं मी बघतो.”

“नाय सर, आता नाय यायची मी.” तिनं माझ्या चहाची कपबशी उचलली. “एवढं सोपं होतं, तर वर्गात का नाय सांगितलंत?”