आवाज बंद करून पाहिलेली जाहिरात

मागच्या महिन्यात जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात गेले, तर शोभाच्या जागेवर भलतंच पोतं अंथरलेलं होतं.

शोभा आमच्या बचत गटातली. घरची हळद दळते, वस्त्रगाळ करते, पुड्या बांधून विकते. पाण्याच्या टाकीजवळची ती जागा नऊ वर्षं तिची. आमच्याकडे अशा जागेचा कागद वगैरे नसतो... पोतं अंथरलं की जागा तुमची. आणि आपल्या तोंडाने एकदा "तू बस" म्हटलं की ती दुसरीची. मग परत मागायची नाही, हा बाजाराचा नियम.

पोत्यावर रुक्मिणबाई लसणाचे वाटे मांडून बसल्या होत्या. "शोभानंच देली जागा. ती आता मोबाइलवर दुकान टाकून राहिली," त्या म्हणाल्या. "तुमीच सांगितलं म्हने तिला."

मी? मी कधी सांगितलं?

भाजी न घेताच शोभाचं घर गाठलं. बाई घरातच होती. फोन फडताळात ठेवलेला, आवाज पूर्ण मोठा केलेला... आणि हळदीचे डबे तीन आठवडे जसेच्या तसे. वास उडत चाललेला. काहून, असं विचारलं तर म्हणाली, "बाजारात बसलं की ऑर्डर कोन बघंल मॅडम? तुमीच तर व्हिडिओ पाठवला!"

तेव्हा डोक्यात उजेड पडला.

एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीची जाहिरात होती ती. मला कुणीतरी पाठवली, मी बचत गटाच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "सर्वांनी बघावे." या भागातल्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं आहे. गटातल्या निम्म्या बायका माझ्या वर्गात बसलेल्या. मॅडमनी "बघावे" लिहिलं की त्याचा गृहपाठ होतो, हे मला कळायला हवं होतं.

जाहिरात अशी... एक बाई लोणचं घालते. सासू तोंड वाकडं करते. लेक गुपचूप आईचा व्हिडिओ काढून टाकते. मग फोन वाजतो, टिंग. पुन्हा टिंग. बघता बघता त्या टिंगटिंगचंच गाणं होतं, सासू पदराने डोळे पुसते आणि अगदी शेवटी, आपलेही डोळे ओले झाल्यावर, कंपनीचं नाव येतं. मी सहजासहजी रडणारी नाही. तरी पहिल्यांदा पाहताना माझाही चष्मा पुसावा लागला होता.

शोभाला म्हटलं, आण तो फोन. आता हीच जाहिरात आवाज बंद करून बघू.

हे काही मोठं शहाणपण नव्हे. वर्गात कुणी फार रंगवून सबब सांगायला लागलं की मी वही मागायची... तेवढंच. बोलणं बाजूला ठेवलं की काय उरतं ते बघायचं.

शोभाने बघितलं. पुन्हा बघितलं. पहिल्यांदा एवढंच म्हणाली, "लोनचं घालून राहिली, पन लुगड्याला तेलाचा एक डाग न्हाई हिच्या." मग जरा थांबून, "मॅडम... ऑर्डर कुठं आली?"

खरंच की! आवाज होता तोवर शेकडो ऑर्डरी आल्या होत्या. आवाज गेला आणि उरली फोनकडे बघून हसणारी बाई. लोणचं विकत घेणारं एकही माणूस त्यात नव्हतं. कुणी चव घेतली नाही, कुणी भाव केला नाही, बरणी कुणाच्या घरी पोचली नाही. दीड मिनिटाच्या विक्रीच्या गोष्टीत गिऱ्हाईकच नाही... आणि आपल्याला ते जाणवलंही नाही, कारण आपण लेकीकडे आणि सासूकडे बघत होतो.

"माझा बी फोन लई वाजला तीन आठवडे," शोभा म्हणाली. "समदे गुड मॉर्निंगच होते!" आणि हसली. मग डब्यांची झाकणं घट्ट करू लागली. जागा गेली होती ना.

ती मागू शकत नव्हती. म्हणून पुढच्या बाजारी तिला घेऊन मीच गेले. रुक्मिणबाईंसमोर उभी राहिले आणि सरळ सांगितलं की चूक माझी आहे, न तपासता पाठवलं, शोभा माझ्यावर विसंबली.

रुक्मिणबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आसं व्हय? मग जागा मागायला बी व्हिडिओच पाठवायचा व्हता की मॅडम, पायी काहून आल्या?"

आजूबाजूच्या साऱ्याजणी खो खो हसल्या. मी ऐकून घेतलं. तेवढं माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं.

मग त्यांनी लसणाचे वाटे एका बाजूला सरकवले, अर्धं पोतं दुमडलं आणि शोभाला म्हणाल्या, "बस. पन हळद माझ्या लसनावर उडू देऊ नको."

शोभा आता अर्ध्या जागेवर बसते. मोबाइलवर उघडलेलं हळदीचं पेजही तिने बंद केलेलं नाही, आणि करूही नये. पुडी घेणाऱ्याला ती पेज दाखवते, त्याचा नंबर घेते. परवा पहिली खरी टिंग वाजली. वसमतच्या एका बाईंची, ज्या तिच्याकडून बाजारात हळद नेत होत्या... "संपली, पाठवता का?"

मी अजूनही व्हिडिओ बघते आणि पुढेही पाठवते. आधी एकदा आवाज बंद करून बघते, एवढंच. आणि "सर्वांनी बघावे" लिहिणं सोडलं आहे.

रुक्मिणबाई, तुमचे आभार. तुमच्याकडे फोन नाही, म्हणून हे लिहिलेलं तुम्हाला कुणी वाचून दाखवण्याची वाट न बघता, आभार मानायला येत्या बाजारी पायीच येते.