खिंडीपलीकडची वही

तोरलेइव्ह वारला त्या हिवाळ्यात त्याची सहा कुत्री रोज सकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायची. त्यांना खायला घालायची ती त्याची बायको, ओशिल्ड. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात ती शाळेचा स्वयंपाक करते. तेव्हा वय चोपन्न, आणि कुत्री ओढतात त्या स्लेजगाडीवर आयुष्यात कधी उभी राहिलेली नाही. मी तिचा शेजारी. तोरलेइव्हबरोबर मी वीस हिवाळे कुत्र्यांच्या गाड्या हाकल्या.

दर मार्चमध्ये तो तिला विचारायचा, "येतेस का खिंडीपलीकडच्या झोपडीवर?" तिला खिंडीच्या उताराची धास्ती. "पुढच्या वर्षी बघू," म्हणायची. झोपडीत येणाऱ्यांसाठी एक वही असते. तीत एकोणीस वर्षं तो तिच्याविनाच जाऊन लिहून आला. आता तिला ती वही वाचायची होती.

"मी घेऊन येतो ना," मी म्हटलं.

"नको, ओदवार. ती तिथंच वाचायची आहे मला."

"मग नीट शीक आधी. तो उतार नवख्याचं काम नाही."

"कुत्र्यांना वाट पाठ आहे."

"कुत्र्यांना आहे गं. ब्रेकवर पाय तुझा असणार!"

महिनाभर तिनं गोठलेल्या तळ्यावर सराव केला. सपाटीवर छान जमू लागलं आणि त्या भरवशानंच घात केला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मला न सांगता ती सहाही कुत्री जुंपून निघाली. खिंडीच्या माथ्यावर आम्ही थांबतो, काही कुत्र्यांच्या ओढायच्या दोऱ्या सोडतो, म्हणजे जोर कमी होतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

वाऱ्यानं वरचा भुसभुशीत बर्फ उडवून नेला होता. खालच्या टणक थरात ब्रेकचे दात रुतेनात. गाडी मागच्या कुत्र्यांच्या अंगावर जाऊ लागली, कुत्री घाबरून आणखी जोरात पळाली, आणि वळणावर गाडी उलटली. काही झालं तरी गाडी सोडायची नाही, हा आमचा पहिला नियम. ओशिल्ड पालथी पडून बरीच फरफटत गेली. मग हात सुटला.

दुपारी तिचं अंगण रिकामं दिसलं. तसाच स्नोमोबाईल घेऊन खिंडीकडे गेलो. उताराच्या तळाशी झुडपांत गाडी अडकलेली, कुत्र्यांच्या दोऱ्यांचा गुंता झालेला. शेजारी ओशिल्ड मनगट धरून बसलेली. मांडीवर तिन्ना, तोरलेइव्हची म्होरकी कुत्री. तिन्नाचा खांदा निखळला होता.

"बोल मला काय बोलायचं ते," ती म्हणाली.

"घरी गेल्यावर."

"मी गाडी सोडली रे. त्यानं कधी सोडली नसती."

"दोनदा सोडली त्यानं. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती मला."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

तिन्ना वाचली, पण पुन्हा जुंपता आली नाही. ओशिल्डचं मनगट बरं झालं. पुढचा अख्खा हिवाळा ती माझ्या मागून लहान लहान उतार उतरायला शिकली. चारच कुत्री, गुडघे वाकवून, सगळा भार ब्रेकवर. एप्रिलमध्ये आम्ही खिंड गाठली. माथ्यावर तिनं स्वतःच्या हातानं दोऱ्या सोडल्या आणि एकदाही न पडता खाली आली.

झोपडीत शिरल्यावर बूटही न काढता तिनं वही उघडली. तोरलेइव्हनं काय लिहिलं होतं? थंडी किती, बर्फ कसा, कोणत्या कुत्र्यानं खाल्लं नाही. एकोणीस वेळा तेवढंच. तिचं नाव कुठंच नव्हतं. मलाच कसंतरी झालं. ती मात्र ओळीओळीवरून बोट फिरवत राहिली.

"हा सातचा आकडा बघ," ती हळूच म्हणाली. "मधे रेघ मारायचा. घरच्या याद्यांवरसुद्धा."

सकाळी ती बाहेर उभी होती. झोपडीसमोरच्या तळ्याच्या कडेनं एक पुसट वाट पूर्वेला गेलेली.

"ही कुठं जाते?"

"फिनलंडच्या हद्दीकडे. दोन दिवस लागतात."

"तो गेला होता?"

"नाही. जायचं फार मनात होतं त्याच्या."

कुत्री निघायला उतावीळ होऊन ओरडत होती, तरी ती बराच वेळ त्या वाटेकडे बघत राहिली.