अप्पांचे डोळे आणि गाडीचे दिवे

आमच्या अप्पांनी गाडीची किल्ली देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी त्यांनी जेवताना ताक मागितलं नाही. माझे वडील ताकाशिवाय पानावरून उठत नाहीत. "आजपासून गाडी बंद," ते म्हणाले. "रात्रीचं काय दिसंना झालंय. डोळं गेलं माझं. मोडनिंबचा तो गृहस्थ लई दिवस गाडी मागतोय, त्याला पुढच्या रविवारी बोलावलंय."

माझं डोकंच फिरलं. डोळे गेले म्हणजे काय? सहा महिन्यांपूर्वी मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टरांनी दोनदा तपासून नजर उत्तम आहे असं सांगितलं होतं. पण अप्पांचं म्हणणं, "डॉक्टर दिवसा बघतोय. त्याला म्हणावं, अंधार पडल्यावर मोहोळ रोडला ये." त्यांचे वडील शेवटची काही वर्षं आंधळे झाले होते, भिंत धरधरून परसात जायचे. ते अप्पांनी लहानपणी पाहिलेलं. ते कधी बोलून दाखवत नाहीत, पण भीती ती होती, हे मला आणि अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, चांगलं ठाऊक होतं.

शिवाय मोहोळ. तिथं त्यांची थोरली बहीण राहते, माझी आत्या. दर शनिवारी संध्याकाळी अप्पा एकटे गाडी घेऊन तिच्याकडं जाणार, भाकरी खाणार, दोघं कानडीत जगाची उणीदुणी काढणार आणि नऊच्या आत घरी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे असतं? ते आता बंद. घरात कुणी मेल्यासारखं झालं, खरंच.

दोन दिवसांनी अव्वाला होटगी रोडला एका बारशाला न्यायचं होतं. मीच किल्ली काढली. अप्पांची गाडी अंधारात मी कधी चालवलेलीच नव्हती. परत येताना दिवे लावले, तर लावले की नाही हेच कळेना. पुढं नुसता पिवळट उजेड, तोही चार हातांवर संपलेला. गतिरोधक दिसलाच नाही. गाडी अशी आदळली की अव्वाच्या मांडीवरचे पेढे तिच्या पायाशी. "नोडे, नोडे, नीट बघ की!" ती ओरडली. तिला घाबरल्यावर कानडीच सुचते.

घरी येऊन मी चप्पल न काढताच ओरडले, "अप्पा, मला तरी कुठं दिसतंय!"

अप्पा घाबरून उठले. "तुझंबी गेलं व्हय?"

सकाळी उजेडात मी गाडीपुढं उकिडवी बसले. दिव्यांवरचं प्लास्टिक जुन्या पिवळ्या मेणासारखं झालेलं. बोट फिरवलं तर खरखरीत. तिरकं पाहिलं तर त्यावर गोल गोल बारीक ओरखडे, एकावर एक, हजारांनी. आणि मला सगळं कळलं. मी शाळेत विज्ञान शिकवते हो, आणि दहा वर्षं हे माझ्या डोळ्यांदेखत चालू होतं!

अप्पांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना होता, आता माझा चुलतभाऊ बघतो. आमच्या घरात सेकंडच्या, म्हणजे विणीत बारीकसा दोष निघालेल्या, टॉवेलांना तोटा नाही. पायपुसणं टॉवेल, फडकं टॉवेल, फ्रिजवरचं झाकणही टॉवेलच. रोज पूजा झाली की कपाळाची विभूती वाळायच्या आत अप्पा एक कोरा करकरीत टॉवेल घ्यायचे आणि दोन्ही दिवे घसघसा पुसायचे. कोरडे. कारण नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी, गाडीवर ओतायला कुठलं? आणि जुन्या मऊ टॉवेलानं गाडी पुसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. माल आपला, गाडी आपली, मग कोराच वापरायचा. कोऱ्या टॉवेलाला खळ असते, दिव्यावर कारखान्याच्या रस्त्याची धूळ असते. प्लास्टिकला उन्हापासून वाचवणारा पातळ थर त्यांनी रोज थोडाथोडा घासून काढला आणि उरलेलं काम सोलापूरच्या उन्हानं केलं.

माझी जीभ कधी थांबत नाही, तशी तेव्हाही थांबली नाही. "तुमच्या टॉवेलानं वाट लावलीय दिव्यांची," मी म्हणाले.

 अप्पा आत जाऊन झोपाळ्यावर बसले. आतूनच म्हणाले, "म्हंजे मीच मारलं व्हय दिवं." मला स्वतःचाच राग आला. "अप्पा, दिवे मेलेत, डोळे नाहीत," मी म्हटलं. त्यावर त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं. मुलगी बापाची समजूत घालतेय, एवढंच त्यांना वाटलं असणार.

शाळेतल्या एका बाईंनी टूथपेस्टचा उपाय सांगितला. तो केला. वरवरचा पिवळेपणा निघाला, धुकटपणा जिथल्या तिथं. अव्वा म्हणाली, "गाडीच्या तोंडाला वास तरी बरा येतोय." मग मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि आठशे, हजार आणि दोन हजार नंबरचा, म्हणजे भरड ते बारीक, घासायचा वॉटर पेपर, चिकटपट्टी, पॉलिश आणि उन्हापासून राखणारा पारदर्शक लॅकरचा स्प्रे आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गॅरेजला द्या की." मी म्हटलं, "तुम्ही सामान द्या की."

गुरुवारी पाणी आलं. वॉटर पेपर पाण्यातच घासायचा असतो आणि पाणी सारखं बदलायचं असतं, नाहीतर निघालेला भुगाच पुन्हा ओरखडे काढतो. मी तिसरी बादली उचलल्यावर अव्वा मोरीच्या दारात आडवी. "पाच दिवस काय पिऊ, गाडी पिऊ?" शेवटी धुण्याचं शेवटचं पाणी गाळून वापरायचं ठरलं. गाळायला अर्थातच टॉवेल.

मी दिव्याभोवतीच्या पत्र्याला चिकटपट्टी लावली आणि आठशे नंबरनं घासायला लागले. पाच मिनिटांत सगळा दिवा पांढराफटक. अप्पा मागं येऊन उभे राहिले. "यव्वा! होतं तेवढंबी घालवलंस!" खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण तोंडानं मी म्हणाले, "तुम्ही बसा हो गप." हजार नंबर, मग दोन हजार. हाताची बोटं सुरकुतली. मग पॉलिश लावून चोळलं, या वेळी माझ्या जुन्या सुती ओढणीनं, आणि त्या पांढऱ्या धुक्यातून आतला बल्ब हळूहळू वर आला. त्याच्यामागची चकचकीत वाटी दिसली. तिच्यात मला माझंच घामेजलेलं तोंड दिसलं! मी आनंदानं किंचाळले. अप्पा वाकले, चष्मा कपाळावर नेला, बघत राहिले. मग आठशेचा कागद उचलून दुसऱ्या दिव्याजवळ जाऊन बसले. "सरळ घासायचं का गोल?" एवढंच विचारलं. दहा वर्षांची सवय, हात सारखा गोलच जात होता. मी दर मिनिटाला "अप्पा, सरळ!" म्हणून ओरडत होते आणि ते दर मिनिटाला "व्हय की" म्हणत होते.

लॅकर मारायच्या आधी मी फर्मान काढलं, अंगणात एकही टॉवेल नको. दोरीवरचे सात टॉवेल अव्वानं कुरकुरत आत नेले. सावलीत पातळ थर, मग थांबून दुसरा. तरी उजव्या दिव्यावर कुठूनसा एक पांढरा तंतू येऊन चिकटलाच. तो अजून आहे. अप्पा तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, "आपल्याच मालाचा हाय."

शुक्रवारभर वाळू दिलं. शनिवारी दिवेलागणीला मी किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. "मोहोळला जाऊ. तुम्ही चालवा."

"उद्या तो मोडनिंबवाला येणार हाय," अप्पा म्हणाले.

"येऊ दे. चला."

गावाबाहेर पडेपर्यंत त्यांचे हात स्टिअरिंगला घट्ट, पाठ ताठ. मग अंधार पडला, त्यांनी दिवे लावले. पांढरा उजेड रस्त्यावर लांबच लांब पसरला. मी अप्पांकडं बघायचं टाळलं. थोड्या वेळानं ते पुटपुटायला लागले. "कुत्रं." मग, "उसाची ट्रॉली. मागं लाल कापडबी बांधलं न्हाय, बघ." मग, "खड्डा. डावीकडनं घेतो." लिंबाची झाडं, पंक्चरचं दुकान, बाभळीवर अडकलेली पिशवी, जे दिसेल ते मोठ्यानं सांगत होते. मी सगळ्याला हो हो म्हणत होते.

मोहोळात वळलो तर समोरच्या जीपवाल्यानं आमच्यावर दोनदा दिव्यांची उघडझाप केली. "दिवे खाली घे" म्हणून. अप्पांनी घेतले आणि गाडी कडेला थांबवली. "मला डिपर मारला," ते म्हणाले. "बघितलंस? मला! माझ्या दिव्यानं त्याचं डोळं दिपलं!" आणि हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले, मग नुसतेच पुसत राहिले. मीही रडले, उगाच कशाला खोटं बोलू.

आत्याचं दार तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पण त्यांनी आधी खिशातून फोन काढला, मोडनिंबच्या गृहस्थांना लावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उद्या येऊ नका. गाडी द्यायची न्हाय." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. अप्पांनी एकदा काचेबाहेरच्या उजळलेल्या रस्त्याकडं बघितलं.

"का म्हंजे? मला दिसतंय की!"